पोटाची चरबी गालावर नेणारा डॉक्टर: टमी टक करायचा विचार असेल, तर नोशीर अंतिया माहिती हवेत

मोबाईलवर रील्स बघताना हा व्हिडिओ कधीतरी समोर येतोच. डावीकडे सुटलेलं पोट, उजवीकडे सपाट पोट आणि खाली एखाद्या क्लिनिकचा नंबर. बाळंतपणानंतर किंवा बरंच वजन उतरवल्यावर पोटाची कातडी लोंबत राहते. मग जालन्यातली एखादी ताईसुद्धा ६० किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊन चौकशी करून येते. या ऑपरेशनला टमी टक म्हणतात, डॉक्टरी भाषेत ॲब्डॉमिनोप्लास्टी.

त्यानंतर घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, ही नसती हौस आहे. दुसरा म्हणतो, दोन दिवसांत घरी येशील, काही होत नाही. या दोघांनीही मुंबईतल्या एका प्लॅस्टिक सर्जनची गोष्ट वाचायला हवी. टमी टकमध्ये कापून बाजूला टाकतात ती पोटाची चरबी या माणसाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशंटच्या चेहऱ्यावर नेली आणि तिथे जगवून दाखवली. दिसणं ही हौस असते की गरज, या प्रश्नाचं उत्तरही त्याने कामातून दिलं.

त्याचं नाव डॉ. नोशीर होरमसजी अंतिया.

हुबळीचा पारशी मुलगा

अंतियांचा जन्म ८ फेब्रुवारी १९२२ चा, हुबळीचा. हुबळी आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. घर पारशी. १९४५ साली त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस केलं आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंड गाठलं.

दुसरं महायुद्ध तेव्हा नुकतंच संपलं होतं. विमानात भाजलेले पायलट आणि स्फोटात जबडा गमावलेले सैनिक इंग्लंडच्या हॉस्पिटलांत होते. अशा माणसांचे चेहरे पुन्हा उभे करण्याचं काम सर हॅरॉल्ड गिलीज पहिल्या महायुद्धापासून करत होते. त्यांना आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचे जनक मानतात. अंतिया या गिलीज यांच्या हाताखाली शिकले.

गिलीज यांच्या पेशंटांना सुंदर व्हायचं नव्हतं. त्यांना बसमध्ये शेजारी कुणीतरी बसायला हवं होतं, नोकरी हवी होती, घरी गेल्यावर पोरांनी घाबरू नये एवढंच हवं होतं. अंतिया हे बघून भारतात परतले.

रोग गेला, पण चेहरा तोच राहिला

भारतात महायुद्धातले पायलट नव्हते. इथे कुष्ठरोग होता.

कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात. नाकाच्या आतलं अस्तर खराब होतं, ते आक्रसतं आणि नाक आत ओढलं जाऊन बसतं. भुवया झडतात. चेहऱ्याची नस निकामी झाली तर पापणी मिटत नाही. डोळा उघडा राहून कोरडा पडतो, पुढे दृष्टीही जाऊ शकते.

१९४० च्या दशकानंतर कुष्ठरोगावर गोळ्या आल्या आणि माणूस बरा होऊ लागला. पण गोळी जंतू मारते, बसलेलं नाक उभं करत नाही. त्यामुळे रोगातून पूर्ण बरा झालेला माणूससुद्धा चेहऱ्यावरून ओळखला जायचा. लग्न मोडायचं, काम मिळायचं नाही, गावाबाहेर राहावं लागायचं. हा कलंक किती खोल होता बघा. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे कायद्यातलं घटस्फोटाचं कारण होतं आणि ते काढून टाकायला २०१९ साल उजाडलं.

अंतियांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात हे पेशंट बघितले आणि गिलीज यांच्याकडून शिकलेलं इथे वापरायला सुरुवात केली.

बसलेल्या नाकाची बाहेरची कातडी बहुतेकदा शाबूत असते, आतलं अस्तर गेलेलं असतं. म्हणून नाक आतून मोकळं करायचं, शरीराच्या दुसऱ्या भागाची पातळ कातडी आत अस्तरासारखी बसवायची आणि नाकाला पुन्हा आकार द्यायचा. न मिटणाऱ्या पापणीसाठी कानशिलाजवळच्या, चावायला मदत करणाऱ्या स्नायूची एक पट्टी पापणीपर्यंत न्यायची. मग पेशंटने दात आवळले की डोळा मिटतो. भुवईसाठी डोक्याची केसांसकट कातडी वापरायची.

ही सगळी ऑपरेशन्स दिसण्यासाठीच होती, पापणीचं सोडलं तर. नाक बसलं म्हणून कुणी मरत नाही. पण त्या नाकामुळे माणसाचं गाव सुटत होतं. अशा पेशंटसाठी नाक म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न होता.

तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातांवर ऑपरेशन करत होते, तो हा सगळा काळ. हातांसाठी ब्रँड यांचं नाव घेतलं जातं, तसं चेहऱ्यासाठी अंतियांचं घेतलं जाऊ लागलं.

जे. जे. मधला विभाग

पुढे अंतिया मुंबईच्या सर जे. जे. हॉस्पिटलमध्ये आले. टाटा ट्रस्टच्या मदतीने तिथे प्लॅस्टिक सर्जरीचा वेगळा विभाग उभा राहिला. टाटा डिपार्टमेंट ऑफ प्लॅस्टिक सर्जरी हे त्याचं नाव.

कुष्ठरुग्णांना तेव्हा वेगळ्या वसाहतीत ठेवायची पद्धत होती. त्यांच्यावर इतर पेशंटांसारखेच जनरल हॉस्पिटलमध्ये उपचार व्हावेत, असा अंतियांचा आग्रह होता. याशिवाय विभागात भाजलेले पेशंट होते, फाटलेल्या ओठांची बाळं होती, अपघातातले चेहरे होते.

१९६७ साली अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. व्ही. आय. बुच यांनी कानाची कड दुरुस्त करायची एक पद्धत जगापुढे मांडली. कानाच्या कडेचा तुकडा गेला असेल, तर उरलेली कड कातडी आणि कूर्चेसह सैल करायची, दोन्ही बाजूंनी सरकवायची आणि मध्ये जोडायची. कान थोडा लहान होतो, पण कानासारखाच दिसतो. ही पद्धत आजही जगभर अंतिया-बुच फ्लॅप या नावाने शिकवली जाते.

फ्लॅप म्हणजे काय?

इथे थोडं थांबून ही भानगड समजून घेऊ, कारण टमी टकचं मर्म यातच आहे.

कातडी एका जागेवरून दुसरीकडे न्यायची असेल तर अडचण असते रक्ताची. पातळ कातडी नवीन जागेवरून रक्त शोषून जगते. पण चरबीसकट जाड तुकडा नेला तर त्याला स्वतःची रक्तवाहिनी लागते, नाहीतर तो काळा पडून मरतो.

जुन्या वैद्यांनाही हे कळत होतं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका ऑपरेशनचं वर्णन छापून आलं होतं. टिपूच्या सैन्याने पकडून नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका देशी कारागिराने नवं नाक बसवलं होतं. त्यासाठी कपाळाची कातडी खाली वळवली होती आणि एक देठ कपाळाला जोडलेलाच ठेवला होता. देठातून रक्त येत राहिलं म्हणून नाक जगलं. देठासकट हलवलेल्या अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात.

पण देठाची लांबी किती असणार? कपाळावरून नाकापर्यंत जमतं. पोटाची चरबी गालावर न्यायची तर ती आधी हातावर लावायची, तिथे रुजली की हात गालाला बांधून ठेवायचा, मग पुन्हा कापायचं. पेशंट कित्येक आठवडे अवघडून पडायचा आणि एकामागून एक ऑपरेशनं व्हायची.

देठच कापून टाकला आणि रक्तवाहिनी नव्या जागी शिवली तर?

१९७१: पोटावरून थेट चेहऱ्यावर

अंतिया आणि बुच यांनी हेच केलं. एका पेशंटच्या चेहऱ्यावरची खोलगट जागा भरायची होती. त्यांनी खालच्या पोटाची चरबी आणि कातडीचा आतला थर घेतला. त्याला रक्त देणारी बारीक धमनी आणि शीर सोबत कापली. मग तो तुकडा चेहऱ्यात बसवून त्या वाहिन्या तिथल्या वाहिन्यांना शिवल्या. या वाहिन्या एखाद-दोन मिलिमीटर जाडीच्या असतात. टाका जरा तिरका गेला तरी रक्ताची गुठळी होऊन सगळं वाया जातं.

तुकडा जगला. १९७१ साली प्लॅस्टिक सर्जरीच्या ब्रिटिश नियतकालिकात याचा शोधनिबंध छापून आला. शरीरापासून पूर्ण सुटा केलेला तुकडा दूर नेऊन जगवण्याच्या, म्हणजे फ्री फ्लॅपच्या, जगातल्या सुरुवातीच्या यशस्वी उदाहरणांत तो गणला जातो. १९७३ मध्ये मेलबर्नच्या सर्जननी केलेल्या ऑपरेशनचा गाजावाजा जास्त झाला. जे. जे. मधलं काम त्याच्या आधीचं होतं.

आज स्तनाच्या कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या बाईला तिच्याच पोटाच्या चरबीपासून नवा स्तन तयार करून देता येतो. तुकडा तोच, खालच्या पोटाचा. टमी टकमध्ये तो कचऱ्यात जातो, इथे तो छातीवर जगतो.

मग टमी टकमध्ये नेमकं काय होतं?

पोटाची जादा कातडी आणि चरबी कापायचं ऑपरेशन नवीन नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्येच त्याची नोंद केली आहे. आजचं ऑपरेशन त्याहून बरंच पुढे गेलंय, पण ते मोठं ऑपरेशन आहे. पार्लरमधली ट्रीटमेंट नाही.

भूल पूर्ण दिली जाते. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, अंतर्वस्त्राच्या रेषेत आडवा छेद घेतात. पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून उचलतात. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेले असतील तर ते शिवून जवळ आणतात. कातडी खाली ओढून जादा भाग कापतात. बेंबी आपल्या जागीच राहते, तिच्यासाठी कातडीत नवं भोक पाडतात. या सगळ्याला साधारण दोन ते चार तास लागतात.

आता अंतियांची रक्ताची गोष्ट आठवा. कातडी बरगड्यांपर्यंत उचलली, म्हणजे खालून येणाऱ्या बऱ्याच रक्तवाहिन्या कापल्या गेल्या. टाके घातलेली कड आता बाजूने आणि वरून येणाऱ्या रक्तावर जगणार. पोटाची ती सगळी कातडी एक मोठा फ्लॅपच असते. डॉक्टरांच्या बऱ्याच सूचनांचा अर्थ इथे लागतो.

तंबाखू बंद करायला सांगतात. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, कडेला रक्त पोचत नाही आणि कातडी काळी पडू शकते. साधारणपणे आधीचे चार ते सहा आठवडे आणि जखम भरेपर्यंत ती बंद ठेवावी लागते. यात सिगारेट आलीच, पण गुटखा, मळलेली तंबाखू आणि मिश्रीही आली. आपल्याकडे अनेक बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. इथे लपवणं महागात पडतं.

सुरुवातीचे काही दिवस वाकून चालायला सांगतात. सरळ उभं राहिलं की टाक्यांवर ताण येतो, आणि ताणलेल्या कातडीला रक्त कमी मिळतं.

सोडवलेल्या कातडीखाली पाणी साठू नये म्हणून बऱ्याचदा नळ्या घालतात आणि पट्टा बांधतात. नळ्या काही दिवसांनी निघतात, पट्टा साधारण सहा आठवडे राहतो.

वाकून का होईना, पण चालवतातच. पडून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. हा धोका क्वचित येतो, पण जिवावर बेततो. पोटरी सुजली, दुखली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

काय मिळतं, काय मिळत नाही

सैल कातडी जाते, फाकलेले स्नायू जवळ येतात, पोट सपाट दिसतं. बेंबीच्या खालचे बरेच स्ट्रेच मार्क्स कापलेल्या कातडीबरोबर जातात, वरचे राहतात.

व्रण कायमचा राहतो. तो कपड्याखाली झाकला जातो आणि वर्षभरात फिका होतो, पण पुसला जात नाही. बेंबीखाली बधीरपणा कित्येक महिने राहू शकतो, थोडा कायमही राहतो.

वजन या ऑपरेशनने उतरत नाही. उलट वजन आधी उतरवून काही महिने स्थिर ठेवायला सांगतात. पुढे मूल हवं असेल तर थांबायला सांगतात, कारण गरोदरपणात शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी.

बसून काम असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी कामावर जाता येतं. जड उचलायला सहा आठवडे मनाई असते. म्हणजे पाण्याची घागर नाही, गॅसची टाकी नाही आणि कडेवरचं पोरही नाही. घरात हे कोण करणार, हे ऑपरेशनच्या तारखेआधी ठरायला हवं. शुद्ध कॉस्मेटिक ऑपरेशनचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही.

डॉक्टर निवडताना विचारायचा मुख्य प्रश्न म्हणजे प्लॅस्टिक सर्जरीची पदवी आहे का. एमबीबीएस आणि एमएसनंतर प्लॅस्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेला डॉक्टर प्लॅस्टिक सर्जन असतो. क्लिनिकच्या पाटीवर नुसतं कॉस्मेटिक लिहिलेलं पुरत नाही. भूल देणारा डॉक्टर कोण आणि रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग कुठे, हेही विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

चाकू सोडून मांडव्याला

अंतियांचं पुढचं आयुष्य मात्र वेगळ्याच दिशेने गेलं. जगभर नाव झालं होतं, ते पंचतारांकित क्लिनिक काढू शकले असते. पण जे. जे. मध्ये येणारे कितीतरी पेशंट असे होते की गावात वेळेवर साधा उपचार मिळाला असता तर त्यांना प्लॅस्टिक सर्जनची गरजच पडली नसती. नस निकामी व्हायच्या आधी गोळ्या मिळाल्या तर नाक बसत नाही.

१९७० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या समोर, समुद्रापलीकडे असलेल्या मांडव्याच्या परिसरात काम सुरू केलं. सुमारे ३०,००० वस्तीच्या या भागात गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. ताप, जुलाब, बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग आणि कुष्ठरोगाची लक्षणं ओळखणं, औषध नियमित घ्यायला लावणं, ही कामं या बायका करू लागल्या.

याच काळात त्यांनी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ आणि फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्था काढल्या. अपंगांना समान संधी मिळावी म्हणून नॅसिओ ही संस्था उभी करण्यातही ते होते.

मांडव्याचा प्रयोग तिथे टिकला नाही. स्थानिक राजकारण आणि हितसंबंध आडवे आले. पण अंतियांनी विचार सोडला नाही. १९८१ साली सर्वांसाठी आरोग्य कसं आणायचं यावर देशातल्या दोन मोठ्या संशोधन परिषदांचा एक अहवाल आला, तो तयार करणाऱ्यांत ते होते. पुढे पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या परिंचे खोऱ्यात त्यांच्या संस्थेने पुन्हा गावच्या बायकांना घेऊन काम उभं केलं. तिथे या आरोग्य कार्यकर्त्यांना ताई म्हणायचे.

१९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २६ जून २००७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले.

आज भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत जालना जिल्ह्यातल्या गावागावांत आशाताई घरोघरी फिरतात. २००५ नंतर देशभर आलेल्या या योजनेमागे जामखेड आणि मांडव्यासारख्या अनेक जुन्या प्रयोगांचा अनुभव होता. अंगावर बधीर चट्टा दिसला की त्या दवाखान्यात पाठवतात. त्यातल्या कुणाचं तरी नाक अंतियांसारख्या सर्जनपर्यंत जायच्या आधीच वाचतं.

हौस की गरज?

आता घरातल्या त्या दोन गटांकडे परत येऊ.

अंतियांनी आयुष्यभर दिसण्याची ऑपरेशनं केली आणि त्यांना कुणी हौस म्हटलं नाही, कारण त्यानंतर माणूस काय करू शकत होता ते समोर दिसत होतं. तो गावात परतत होता, कामाला लागत होता. हाच प्रश्न टमी टकला लावून बघा. वजन उतरवल्यावर लोंबणाऱ्या घडीखाली कायम घाम, खाज आणि जखमा असतील, स्नायू फाकल्यामुळे उठता-बसता त्रास असेल, तर त्या बाईला नटवी म्हणणं चूक आहे. ती स्वतःच्या शरीराला कंटाळली असेल आणि सगळं समजून, स्वतःच्या पैशाने हे करत असेल, तरी तो तिचा निर्णय आहे.

पण नवऱ्याने टोमणा मारला म्हणून, लग्नसराई तीन आठवड्यांवर आली म्हणून किंवा रीलमध्ये ऑफर होती म्हणून कुणी टेबलावर चढत असेल, तर थांबायला हवं. टोमणा मारणारा सपाट पोटालाही काहीतरी म्हणेलच. आणि कातडीला ऑफर कळत नाही. रक्त पोचलं तर ती जगते, नाही पोचलं तर मरते. जे. जे. मधल्या टेबलावर १९७१ साली जे खरं होतं, ते आजच्या चकाचक क्लिनिकमध्येही तितकंच खरं आहे.